भिंतीअलीकडचं गाऱ्हाणं

आमचे घरमालक रोज दिवेलागणीला ओटीवर उभे राहून स्वतःविरुद्ध गाऱ्हाणं घालायचे, आणि त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं काम माझ्याकडे होतं. भाडं ठरवताना ही अट कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर मी घाटावरची बाई, तिथूनच पिशवी उचलून मागे फिरले असते.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते थोडं आहेच म्हणा. मालवणी मुलखात देवाकडे काही मागायचं झालं की एक जाणता माणूस नारळ ठेवून मोठ्याने देवाला हकीकत सांगतो. "बा देवा म्हाराजा, हो तुजो लेकरू आज तुज्या पायाशी इलो आसा," असं सुरू होतं. एकेक वाक्य संपलं की जमलेले लोक एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. लग्न ठरू दे, होडी पाण्यात जाऊ दे, एखाद्याचं वाटोळं होऊ दे, सगळ्याला गाऱ्हाणं. हो, वाटोळ्यालाही.

काकांचं गाऱ्हाणं मात्र उलट्या अंगाचं. गाव त्यांना कंडक्टर म्हणायचा, कारण जन्मभर एसटीत कंडक्टर होते. मी काका म्हणायची. अंगात गंजी, कमरेला पंचा, हातात अडकित्ता. आकाशाकडे तोंड करून सुरुवात व्हायची.

"बा देवा म्हाराजा, आज सकाळी दूधवाल्यार उगाचच खेकसलंय."

"व्हय म्हाराजा."

"दुपारी जेवताना सुरमईची मधली तुकडी माका घेतलंय, आणि ह्या भाडेकरणीक शेपटाकडची दिलंय."

हे मला तेव्हाच कळलेलं असायचं. "व्हय म्हाराजा!" मी जरा जोरातच म्हणायची.

मी कराडकडची. अठ्ठ्याण्णव साल सरता सरता मालवणच्या एका कचेरीत बदली झाली. लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही, तो विषय वेगळा. जवळच्या एका गावात खोली मिळाली ती काकांच्या मागच्या पडवीत. दिवसभर मी लोकांना "सोमवारी या, साहेब नाहीत" एवढं सांगायची, आणि एसटीने घरी आल्यावर तर तेवढंही बोलायला कुणी नसायचं. माडांच्या पानांची सळसळ ऐकायला बरी वाटते असं पाहुणे म्हणतात. त्यांनी एक पावसाळा एकट्याने काढून बघावा, मग सांगावं.

पहिला महिनाभर मी काकांचं गाऱ्हाणं दाराआडून ऐकलं. ते रिकाम्या खळ्याकडे, म्हणजे पुढच्या अंगणाकडे, बघून एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबून मग पुढचं वाक्य. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. ती असताना "व्हय" तिचं असणार, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पण त्या रिकाम्या जागा माझ्याच्याने ऐकवेनात. एक दिवस तांदूळ निवडता निवडता तोंडातून निघूनच गेलं, "व्हय म्हाराजा." काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढचं वाक्य फक्त थोडं मोठ्याने आलं. दुसऱ्या दिवसापासून ओटीवर माझ्यासाठी पाट मांडलेला असायचा.

त्यांचं तत्त्वज्ञान सगळं एसटीतलं. "माणसान रोज सांजवेळेक आपलो आपण चेकिंग करूक व्हयो गो बाय. मी जलमभर लोकांची तिकिटां बघलंय. माजा कोण बघतलो? नायतर सगळो जलम विदाऊट!"

राग आला की ते अडकित्त्याने खांबावर एक टोला हाणायचे. सिंगल. म्हणजे गाडी थांबली. आता राग रास्त आहे का, हे तपासायचं. रास्त ठरला तर दोन टोले, डबल, आणि मग बोलायचं. खरं सांगायचं तर डबल पडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. एकदा सिंगल मारायचं विसरून मासेवालीला "लबाड" म्हणाले. ती टोपली उचलून फणकाऱ्याने चालू लागली. काका पंचा सावरत पाणंदीतून तिच्यामागे पळाले, आणि मी उंबऱ्यातून बघतेय.

"गो, थांब! तुजे बांगडे शिळे ह्या खरा. पण तुका लबाड म्हटलंय ता मी परत घेतंय!"

"मगे बांगडे पण परत दी मेल्या!" ती ओरडली.

बांगडे चुलीवर होते. काकांची पंचाईत झाली.

गुरुवारी ते चहा सोडायचे. सोडला तर घरी बसावं की नाही? नाही. नेमके चहाच्या वेळेला तिठ्यावरच्या हॉटेलात जाऊन कपबशांसमोर उभे राहायचे. "मन खंय जाता ता बघतंय," म्हणायचे. हॉटेलवाला वैतागलेला. "तुजा मन खंय जावचा थंय जांव दे रे कंडक्टर, तू बाजूक सर. तुज्यामुळे गिरायकाक भजी दिसणत नाय!"

आणि एकदा तर एका निवृत्त तलाठ्यांच्या दारात जाऊन हात जोडून उभे. "काल तुमच्याबद्दल माज्या मनात वायट इचार इलो. माफी करा."

"कसलो इचार?" तलाठी म्हणाले.

"ता सांगूचो नाय. तुमका वायट वाटात."

झालं! तलाठ्यांची झोप उडाली. रोज काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे यायचे आणि जाताना हळूच विचारायचे, "कंडक्टर, निदान घरच्याबद्दल होतो की नोकरीतल्याबद्दल, तेवढा तरी सांग." मी हसून हसून बेजार व्हायची. त्या घरात मी हसले ते तेवढंच.

एकदा मी विचारलं, "काका, तुमचं एखादं म्हणणं मला पटलं नाही तर? तरी व्हयच म्हणायचं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "गाऱ्हाण्याक नाय नसता गो. देवापुढे नाय म्हणणारो अजून जन्माक येवचो आसा."

आता भिंतीचं सांगते. घर चिऱ्यांचं, चांगलं ऐसपैस, पण मधोमध भिंत घालून दोन केलेलं. ओटीसुद्धा कापलेली. पलीकडे काकांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. कोकणात भाऊबंदकी नवीन नाही, म्हणून मी पहिल्यांदा लक्षही दिलं नाही. पलीकडून दिवसभर शिलाई मशीनचा खडखडाट यायचा. मला तो आवडायचा, घरात माणूस असल्यासारखं वाटायचं. मग एका संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं की काकांनी "बा देवा" म्हटलं की मशीन थांबतं. गाऱ्हाणं संपलं की सुरू होतं. दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं. तिसऱ्या दिवशीही तेच. पलीकडे कुणीतरी ऐकत होतं.

ब्लाउज शिवायच्या निमित्ताने मी पलीकडे गेले. मशीनवर काकांची भावजय बसलेली; मी त्यांना काकी म्हणायला लागले. त्यांचे यजमान खिडकीशी खुर्चीवर, उजवा हात मांडीवर ठेवलेला. तो हात आपण होऊन हलत नव्हता. मशीन मूळचं त्यांचं. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे सदरे त्यांनी शिवलेले. माझं माप घेता घेता काकींनीच विषय काढला.

"अलीकडचे आमचो न्याय करतत काय गो गाऱ्हाण्यात?"

मी म्हटलं, "नाही हो. दूधवाला, मासेवाली, असलंच काहीतरी असतं."

त्या कडवट हसल्या. मग जे सांगितलं ते असं. घराच्या मागे एक हापूसचं कलम. घराची वाटणी झाली तरी ते सामायिक राहिलं. एका वर्षी आंबे काढायच्या आदल्या दिवशी झाड ओरबाडून नेलेलं दिसलं, डहाळ्यांसकट. काकांना वाटलं, हे पलीकडच्याचंच काम. सिंगल मारण्याइतकाही धीर त्यांना धरवला नाही. नारळ घेऊन थेट देवळात गेले आणि भर गावासमोर गाऱ्हाणं घातलं: "ज्या हातान माजा कलम ओरबाडल्यान, त्या हाताक तू बघून घी म्हाराजा." गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि पावसाळा संपायच्या आत धाकट्याला झटका आला आणि उजवा हात गेला.

"डॉक्टर म्हणालो बीपी," काकी म्हणाल्या. "गाव म्हणालो देव जागृत आसा. त्या दिसापासून माजो घो चोर. कोण तोंडार बोलणत नाय, पण देवळात गेलो की बाजूची माणसां सरान उभी रवतत. आता जाणाच नाय तो."

खिडकीशी बसलेल्या माणसाने डाव्या हाताने माझ्या कापडाची घडी नीट घातली.

त्या संध्याकाळी काका ओटीवर उभे राहिले. मी पाटावर बसले. पलीकडचं मशीन थांबलं.

"बा देवा म्हाराजा, आज शेजारच्याच्या कुत्र्याक दगड मारलंय."

मला "व्हय" म्हणायचं होतं. पण मी ते म्हटलं नाही. कुत्र्याला मारलेला दगड देवाला सांगतोस बाबा, आणि ते राहिलं? रोज रुमाल धुवायचे आणि घोंगडी तशीच कुबट ठेवायची, हे कसलं चेकिंग? असं सगळं मनात आलं.

काका थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग हळूच खाली बसले, अगदी जमिनीवर.

"माजी बायल पण अशीच गप रवली," ते म्हणाले. "मरापर्यंत तिणा मगे व्हय म्हटल्यान नाय."

मग आवाज खाली आणून त्यांनी मला राहिलेलं सांगितलं. गाऱ्हाण्याच्या पुढच्या वर्षी ते कुडाळच्या गाडीवर होते. आंब्याच्या व्यापाऱ्याचा एक मुकादम गाडीत चढला. तिकीट घेता घेता हसत म्हणाला, कंडक्टर, गेल्या वर्षी आमच्या गड्यांनी घोळ घातला, पाणंदीच्या पलीकडची बाग सांगितली होती, त्यांनी अलीकडचं झाड झोडपलं, तुमचंच होतं वाटतं ते? काकांनी त्याला तिकीट दिलं. उरलेल्या वाटेत किती लोक चढले, किती उतरले, त्यांना काही आठवत नव्हतं.

"घराक इलंय आणि बायलेक सांगलंय. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि भावाक सांग, मगे गावाक सांग. मी म्हटलंय, उद्या. तो उद्या अजून येवक नाय गो." पंच्याने त्यांनी तोंड पुसलं. "गाव म्हणता देवान चोराक शिक्षा केल्यान. मी जावन सांगलंय की भाव माजो चोर नाय, तर देव खोटो पडतलो, असो इचार केलंय. पण तो बहाणो. खरा म्हणजे माका लाज वाटली. हात बीपीन गेलो की माज्या गाऱ्हाण्यान गेलो ता देवाक ठाऊक. पण चोर त्याका मी केलंय. ता देवान करूक नाय."

"मग रोज हे कुत्र्याचं, दुधाचं कशाला सांगता?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"ता एक सांगूचा लागू नये म्हणान बाकीचा सगळा सांगतंय," ते म्हणाले. इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

जत्रा तोंडावर होती. काकांनी नारळ आणला, सोलला आणि जत्रेच्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून मला म्हणाले, "चल. व्हय म्हणूक नको, नुसती सोबतीक ये." देवळात ही गर्दी. बायकांच्या बाजूला उभं राहून मी मान उंच करून बघत होते. मानकरी म्हणाले, "काय सांगूचा ता सांग कंडक्टर, मी घालतंय गाऱ्हाणा." काका म्हणाले, "नको. माजा मीच घालतंय."

"बा देवा म्हाराजा, मी कलमाबद्दल तुज्याकडे जा गाऱ्हाणा घातलंय, ता खोटा होता."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"आंबे माज्या भावान काढूक नाय. व्यापाऱ्याचे गडी चुकले."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माका ठाऊक होता, आणि मी गप रवलंय!"

"व्हय म्हाराजा!"

काका गर्रकन मागे वळले. "अरे, मी काय बोललंय ता ऐकलास काय कोणी?"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. पुढे कुणीतरी विचारलं, संपला काय, माका पण घालूचा आसा. माझ्या शेजारची बाई गजऱ्याची गाठ मारत होती. ती म्हणाली, "कंडक्टराचा नेहमीचाच चलला असतला, कोंबड्याक शिव्या दिलंय नि काय." इतक्या वर्षांच्या बारीकसारीक कबुल्यांनी त्यांचं एवढं एक खरं गाऱ्हाणं खाऊन टाकलं होतं. गर्दीत काका एकटेच उभे होते, नारळ हातात तसाच. एवढा एकटा माणूस मी तोवर बघितला नव्हता, आणि मला वाटायचं या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये.

काका आता नाहीत. माझी बदली झाली, मग आणखी दोन गावं झाली, आणि दोन हजार नऊच्या सुमाराला काकींचा फोन आला. शेवटी काय झालं, कसं झालं, ते त्यांनी सांगितलं. मी कराडच्या माझ्या फ्लॅटमध्ये फोन धरून उभी होते. हल्ली दिवसभरात माझ्याही हातून काय काय घडतं, ते संध्याकाळी आठवून बघायची मला सवय लागली आहे. मोठ्याने बोलत नाही. मध्ये गॅप पडते ती भरायला कुणी नाही. असो. मला त्यांच्या मरणाचं सांगायचं नाहीये, जत्रेच्या त्या संध्याकाळचं सांगायचंय.

देवळातून आल्यावर दिवसभर ते जेवले नाहीत. दिवे लागले. मी सवयीने पाटावर जाऊन बसले. काका आले, पण खळ्याकडे तोंड करून उभे राहिले नाहीत. ओटी कापणाऱ्या भिंतीकडे तोंड केलं. अडकित्ता खांबाशी ठेवून दिला. पलीकडचं मशीन थांबलं.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. आवाज फाटला. खाकरून पुन्हा सुरू केलं. "देवळात सांगलंय, पण ज्याका सांगूचा तो थंय नव्हतो. म्हणान हय सांगतंय. माजो भाव चोर नाय. चोर तो कधीच नव्हतो. माका ह्या ठाऊक होता, आणि मी त्याका चोर रवाक दिलंय."

ते थांबले. मी तोंडावर पदर धरला होता. हा व्हय माझा नव्हता. पलीकडे काही हललं नाही.

"त्याचो हात कोणी नेलो, ता तुका ठाऊक. पण मागलंय मी. मागणारो मी आसंय. तर आता, बा देवा म्हाराजा, माज्या ह्या उजव्या हाताक बघून घी. जा त्याच्या हाताचा केलंस, ता माज्या हाताचा कर."

आणि ते थांबले. पलीकडे खुर्ची सरकली. मग एक आवाज आला, जड, ओठांत अडखळणारा. त्या घरात इतके दिवस राहून मी तो एकदाही ऐकला नव्हता.

"नाय म्हाराजा!"

काकांनी भिंतीकडे असं बघितलं, जणू भिंतच बोलली असावी. मग माझ्याकडे. "ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"नाय म्हणालो!" काका म्हणाले. "देवाच्या गाऱ्हाण्यात नाय म्हणतत काय कोण? पद्धत आसा ती? ल्हानपणापासून असोच मेलो. देवळात माजो हात धरून उभो रवायचो, आणि सगळ्यांच्या आधी व्हय म्हणान मोकळो व्हायचो. आई मारी त्याका. आणि आता बघ, आता..." पंच्यात तोंड घालून ते ओक्साबोक्शी रडायला लागले, आणि मधून मधून "पद्धत नाय ती, पद्धत नाय," म्हणत राहिले.

पलीकडे मशीन सुरू झालं नाही. त्या संध्याकाळी झालंच नाही.